कोडॅक व्हिजन-३, सुपर १६ वर: कमी बजेटच्या चित्रपटाला ही फिल्म खरंच परवडते का?

व्हिजन-३ ही कोडॅकची चित्रीकरणाची रंगीत निगेटिव्ह फिल्म, आणि सुपर १६ म्हणजे १६ मिमी फिल्मवरची थोडी रुंद चौकट. फिल्म चांगली आहे का, याचं उत्तर एका शब्दात देता येतं: आहे. सावलीतला तपशील टिकतो, उजेड जास्त झाला तरी आभाळ पांढरंफटक पडत नाही, आणि चेहऱ्याचा रंग दुरुस्त करायला डीआयमध्ये (चित्रीकरणानंतर संगणकावर होणाऱ्या रंगदुरुस्तीत) घाम गाळावा लागत नाही. तरीही व्हिजन-३ वर सुरू झालेले अनेक छोटे चित्रपट अर्ध्यावर अडकतात. चूक फिल्मची नसते. निर्माता कोऱ्या फिल्मच्या डब्याच्या भावावर बजेट बांधतो आणि तिथेच फसतो.

प्रत्येक फुटाचे पैसे चार वेळा मोजावे लागतात: विकत घेताना, धुताना, स्कॅन करताना आणि डेटा साठवताना. डबा फक्त पहिला हप्ता आहे. म्हणून या फिल्मचं परीक्षण करताना तिच्या मागून येणाऱ्या सगळ्या बिलांचंही परीक्षण करावं लागतं.

आधी पर्यायांबद्दल थोडक्यात. फुजीने २०१३ मध्ये चित्रीकरणाची फिल्म बनवणं थांबवलं. त्यांचे शिल्लक डबे आजही कुठे कुठे विकायला असतात, पण दहा वर्षांहून जुन्या वेगवान (कमी उजेडात चालणाऱ्या) निगेटिव्हवर अख्खा चित्रपट लावणं हा जुगार आहे. ऑर्वोची एनसी ५०० ही रंगीत निगेटिव्ह आहे, पण तिची रंगछटा स्वतःची आहे. ती छटाच हवी असेल तर घ्यावी, व्हिजन-३ ला पर्याय म्हणून नको. एक्टाक्रोम १०० डी २०१८ मध्ये परत आली. दिसते सुंदर, पण रिव्हर्सल (थेट सरळ रंगांचं चित्र देणारी) असल्यामुळे एक्स्पोजर जरा चुकलं की सुटका नाही. स्वप्नातलं एखादं दृश्य तिच्यावर घ्यावं, पूर्ण चित्रपट नाही. कृष्णधवल हवं असेल तर कोडॅकची डबल-एक्स, म्हणजे ७२२२, आहे. तिची धुलाई वेगळ्या रसायनात होते आणि बऱ्याच लॅब ते मशीन ठरावीक दिवशीच चालवतात. रश, म्हणजे शूटची धुतलेली दृश्यं, उशिरा मिळणार हे धरूनच वेळापत्रक करा.

चार फिल्म, पण घ्यायच्या दोन

व्हिजन-३ मध्ये १६ मिमीसाठी चार प्रकार मिळतात: ५० डी (७२०३), २५० डी (७२०७), २०० टी (७२१३) आणि ५०० टी (७२१९). पैकी ५०० टी सर्वांत आधी, २००७ मध्ये आली. नावातला आकडा म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते, डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, टी म्हणजे टंगस्टनच्या, म्हणजे पिवळसर बल्बच्या, उजेडासाठी.

५० डी चा दाणा, म्हणजे चित्रात दिसणारा फिल्मच्या कणांचा पोत, सर्वांत बारीक. भर उन्हात नेहमीच्या १८० अंश शटरवर सेकंदाला २४ फ्रेमना नेमकं एफ/१६ येतं (एफ म्हणजे लेन्स किती उघडी याचं माप), म्हणजे फिल्टरशिवायही काम चालतं. पण सूर्य ढगाआड गेला की दोन-तीन स्टॉप जातात (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा), आणि संध्याकाळी पाचनंतर ही फिल्म मॅगझिनमध्ये (कॅमेऱ्याला लावायच्या फिल्मच्या पेटीत) असेल तर युनिट हात बांधून बसतं. कमी बजेटमध्ये थांबून राहणं हा सर्वांत महाग छंद आहे.

२५० डी ही कामाची फिल्म. मात्र तिच्यासोबत एनडी (उजेड कमी करणाऱ्या) फिल्टरचा पूर्ण संच लागतो. उन्हात तिच्यावर एफ/३६ च्या आसपास मोजमाप येतं, आणि ते आकडे लेन्सवर नसतात. एनडी ०.९ लावला की एफ/१२ च्या जवळ, १.२ लावला की एफ/९. भाड्याच्या यादीत ०.३ आणि ०.६ लिहून पुढचे विसरणं ही नेहमीची चूक. मग सेटवर शटर अरुंद करून वेळ मारून नेतात आणि पडद्यावर चालणारी माणसं तुटक दिसतात.

२०० टी कडे फारसं कोणी वळून बघत नाही, आणि हा तिच्यावर अन्यायच आहे. ८५ फिल्टर (दिवसाचा उजेड टंगस्टनसारखा करणारा नारिंगी) लावून बाहेर १२५, घरात २००. दाणा ५०० टी पेक्षा स्पष्टपणे नीटस. आतली दृश्यं बहुतेक एकाच जागी असतील आणि चार दिवे लावण्याची सोय असेल, तर ५०० टी घेण्याचं काहीच कारण नाही.

५०० टी म्हणजे रात्र, रस्ता, खोलीतला एकच बल्ब. ८५ लावून ती बाहेर ३२० वर चालते, पण उन्हात तिला चार स्टॉपचा एनडी लागतो आणि व्ह्यूफाइंडरमधून काही दिसेनासं होतं. ३५ मिमीवर जी ५०० टी मऊ दिसते, ती सुपर १६ च्या छोट्या फ्रेमवर दाणेदार दिसते. नीट उजेड दिला तर तो दाणा देखणा. एक स्टॉप कमी दिला की सावलीत मुंग्या वळवळतात. मीटरवर ५०० ऐवजी ३२० ठेवून मोजणं हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. वरच्या बाजूला या फिल्मची सहनशक्ती भरपूर आहे, खालच्या बाजूला नाही.

चारही प्रकार एकाच चित्रपटात वापरू नयेत. सौंदर्यापेक्षा हा शिलकीचा प्रश्न आहे. प्रत्येक प्रकाराची अर्धवट रिळं उरतात, प्रत्येकासाठी वेगळं मॅगझिन भरून ठेवावं लागतं, आणि भाड्याने तर दोन किंवा तीनच मॅगझिन परवडतात. बाहेरची दृश्यं जास्त असतील तर २५० डी आणि ५०० टी. आतली जास्त असून प्रकाश हातात असेल तर नुसती २०० टी, रात्रीसाठी ५०० टी चे मोजके डबे. चित्रपट याहून वेगळं काही मागत असेल तर ते पटकथेत दाखवता आलं पाहिजे.

ऑर्डर देताना सगळे डबे एकाच इमल्शन नंबरचे, म्हणजे उत्पादनाच्या एकाच खेपेतले, मागावेत. दोन तृतीयांश आधी उचलावेत आणि उरलेले त्याच नंबरचे राखून ठेवायला सांगावेत. आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची. व्हिजन-३ च्या पाठीवर रेमजेट नावाचा कार्बनचा काळा थर असतो. प्रकाश मागून परत उसळू नये, स्थिर विजेच्या ठिणग्या उमटू नयेत आणि फिल्म कॅमेऱ्यातून सुरळीत सरकावी म्हणून तो दिलेला असतो. अलीकडे कोडॅक हा थर काढून, आतच प्रकाशरोधक थर असलेली आवृत्ती आणते आहे. तुमच्या डब्यांत कोणती आहे हे लॅबला आधी कळवा. एकाच दृश्यात दोन्ही मिसळायच्या असतील तर आधी चाचणी घ्या.

फुटांचा खरा हिशेब

१६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम. २४ च्या वेगाने मिनिटाला ३६ फूट. ४०० फुटांचा डबा कागदावर ११ मिनिटं ६ सेकंद चालतो. हा आकडा तोंडपाठ करावा आणि लगेच विसरावा, कारण सेटवर तो कधीच मिळत नाही.

फिल्म ओवताना सुरुवातीचे चार-पाच फूट जातात, शेवटचे काही फूट धूसर होतात, आणि मीटर २५-३० फुटांवर आला की त्यात टेक घ्यायची कोणाची हिंमत होत नाही. नटाने जीव ओतला आणि रीळ संपलं, असं होण्यापेक्षा ते फूट सोडलेले बरे. म्हणून डबा ४०० चा असला तरी हिशेब ३५० चा धरावा, म्हणजे ९ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास.

पुढचा घोळ गुणोत्तराचा. 'आम्ही सहास एक या प्रमाणात शूट करू' हे वाक्य ऐकायला शिस्तीचं वाटतं, पण सरासरीने रिळं मोजता येत नाहीत. पटकथा दृश्यादृश्याने मोजायची. दोन माणसांचा तालीम झालेला संवाद चारास एक मध्ये बसतो. नेहमीची दृश्यं सहास एक. लहान मूल, कुत्रं, गर्दी किंवा उत्स्फूर्त अभिनय असेल तर बारास एक धरा आणि तेही पुरेल अशी आशा करा. समजा ९० पानांची पटकथा, पानामागे एक मिनिट. ३० पानं पहिल्या प्रकारची, ४५ दुसऱ्या, १५ तिसऱ्या. मिनिटं होतात १२० अधिक २७० अधिक १८०, म्हणजे ५७०. गुणिले ३६, म्हणजे २०,५२० फूट. ३५० ने भागलं की ५९ डबे.

यात क्लॅप नाही. 'रोल' म्हटल्यापासून 'ॲक्शन' म्हणेपर्यंत आणि 'कट' नंतर कॅमेरा थांबेपर्यंत मिळून दहा सेकंद गेले तर सहा फूट गेले. चित्रपटात ६०० टेक झाले तर हे १०० मिनिटं होतात, म्हणजे ३,६०० फूट, म्हणजे आणखी दहा-अकरा डबे. ही दहा सेकंदं पाचवर आणली की पाच डबे वाचतात. खर्च कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. क्लॅपर आधीच फ्रेममध्ये उभा, पाटीवरचं सगळं लिहून झालेलं, आवाज चालू झाल्यावरच कॅमेरा सुरू. दिग्दर्शकाने नटाला शेवटची सूचना रीळ फिरत असताना देऊ नये. डिजिटलवर वाढलेल्या पिढीला ही सवय मोडताना खरंच त्रास होतो.

मग ३५ मिमी का नको? त्याच ५७० मिनिटांना चार छिद्रांच्या (फ्रेममागे कडेची चार छिद्रं) ३५ मिमीवर ५१,३०० फूट लागतात, तीन छिद्रांवर ३८,४७५, दोन छिद्रांवर २५,६५०. दोन छिद्रांचा आकडा १६ मिमीच्या जवळ असल्याने मोह होतो. पण फूट जवळजवळ तितकेच असले तरी प्रत्येक फुटाचा भाव ३५ मिमीचा पडतो. फ्रेम फक्त रुंद पडद्याचीच मिळते, दोन फ्रेममधली जागा नाममात्र असल्याने गेटमधला (फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीतला) छोटासा केसही चित्रात शिरतो, आणि कॅमेरा सहजासहजी मिळत नाही. रुंद पडदा ही कथेची गरज असेल तर जरूर. नाहीतर सुपर १६.

शॉर्ट एंड आणि रीकॅन, म्हणजे दुसऱ्या निर्मितीतून उरलेले तुकडे आणि भरून न वापरलेली रिळं, यांचा सल्ला सगळेच देतात. ३५ मिमीवर तो बरोबर आहे. १६ मिमीवर नाही. १०० फुटांच्या तुकड्यात पावणेतीन मिनिटं मावतात, त्यातली ओवण्यात आणि शेपटीत गेली की दोन टेक उरतात, आणि लॅब असे तुकडे जोडण्याचे वेगळे पैसे लावते. ३५० फुटांहून मोठे रीकॅन, एकाच घरचे, एकाच नंबरचे मिळाले तर घ्या. प्रत्येक डब्यातला फूटभर तुकडा कापून लॅबला द्या. न एक्स्पोज केलेली पट्टी धुऊन डेन्सिटोमीटरवर तिचा मूळ धूसरपणा ताज्या फिल्मशी ताडून बघतात. तो वाढलेला असेल तर डबा परत. विकणारा 'फ्रीजमध्येच होती' म्हणाला तरी पट्टी धुवायचीच.

साठवण, प्रवास आणि डब्यावरची पट्टी

सहा महिन्यांच्या आत वापरायची असेल तर १३ अंश सेल्सियस किंवा त्याखाली. त्याहून जास्त काळ ठेवायची असेल तर उणे १८ च्या खाली. खरी गंमत बाहेर काढताना होते. थंड डबा लगेच उघडला की दव धरतं आणि निगेटिव्हवर डाग पडतात. फ्रीझरमधून काढलेल्या १६ मिमीच्या डब्याला खोलीच्या तापमानाला यायला दीड तास द्यावा. ३५ मिमीला पाच तासही लागतात. रात्रीच्या शूटचे डबे दुपारीच काढून ठेवायचे, हे लोडरच्या कागदावर लिहिलेलं असावं.

विमानाने नेताना चेक-इनच्या सामानात फिल्म कधीही टाकू नये. तिथली यंत्रं ती धूसर करतात. आता केबिनच्या सामानासाठीही नव्या प्रकारची सीटी यंत्रं येत आहेत, म्हणून हाताने तपासणी मागायची, आधीच पत्र देऊन. वेगवान ५०० टी ला धोका सर्वांत जास्त.

एक्स्पोज झालेल्या डब्याला एका रंगाची टेप, न झालेल्याला दुसऱ्या. हा नियम बालिश वाटतो. पण थकलेल्या रात्री वापरलेलं रीळ परत मॅगझिनमध्ये जातं आणि दोन दिवसांचं काम एकावर एक उमटतं, तेव्हा विमाही फार मदत करत नाही. डब्यावर कॅमेरा रोल क्रमांक, फिल्म नंबर, इमल्शन नंबर, किती फूट, किती ईआयवर (मीटरवर ठेवलेल्या संवेदनशीलतेवर) मोजली आणि धुलाई साधी की पुश (जास्त वेळ केलेली), एवढं हवंच. काळी पिशवी आत, टेप सगळीकडून.

धुलाई आणि स्कॅन: बजेट बुडतं ते इथे

ही फिल्म ईसीएन-२ या प्रक्रियेत धुतली जाते, डेव्हलपर ४१.१ अंशांवर, तीन मिनिटं. रस्त्यावरच्या फोटोच्या दुकानातल्या सी-४१ मशीनमध्ये ती चालत नाही. रेमजेट तिथे सुटतो आणि मशीनसकट सगळं काळं करतो. चित्रपटाच्या लॅबमध्ये तो आधीच्या अंघोळीत आणि पाण्याच्या फवाऱ्यात निघतो.

लॅबकडून दर घेताना फुटाचा भाव विचारून थांबू नये. किमान किती फुटांचं बिल लावतात? पुशचा अधिभार किती? डोक्याला आणि शेपटीला लीडर (कोरी पट्टी) जोडण्याचे, अल्ट्रासॉनिक सफाईचे पैसे वेगळे का? स्कॅनचा दर फुटाने, तासाने की रिळाने? रिळाने असेल तर चार छोट्या तुकड्यांना चार रिळांचे पैसे जातात, हा मुद्दा शॉर्ट एंडच्या गणितात कोणी धरत नाही. एक स्टॉप पुश करणं मोठा गुन्हा नाही, पण दाणा आणि बिल दोन्ही वाढतात. दहा डबे पुश करायचे ठरत असेल तर त्या पैशांत आणखी एक दिवा भाड्याने येतो का, ते आधी बघा. बहुतेक वेळा येतो.

आता स्कॅन. इथे दोन घातक काटकसरी चालतात. पहिली, सगळं आधी स्वस्तात रंग चढवून स्कॅन करायचं, संकलन झाल्यावर निवडलेले शॉट पुन्हा उत्तम प्रतीत घ्यायचे. ३५ मिमीवर, चाळीस-पन्नास तासांचं फुटेज असताना, याला अर्थ होता. निगेटिव्हच्या कडेला छापलेले की-कोड नंबर त्यासाठीच असतात. सुपर १६ वर अकरा-बारा तासांच्या फुटेजला हे उलट महाग पडतं. रिळं पुन्हा शोधायची, पुन्हा साफ करायची, प्रत्येक रिळाची पुन्हा मांडणी करायची, आणि शॉट एक-दोन फ्रेमनी सरकला की संकलकाने सगळं पुन्हा जुळवायचं. सुपर १६ च्या फ्रेममध्ये तपशीलच २के च्या (रुंदीला सुमारे दोन हजार पिक्सेल) आसपास असतो. म्हणून एकदाच, चांगल्या स्कॅनरवर, सपाट, रंग न चढवलेल्या लॉगमध्ये, २के किंवा थोडं वर. तेच संकलनाला, तेच ग्रेडिंगला (रंगदुरुस्तीला).

दुसरी काटकसर उलट्या बाजूची: '४के डीपीएक्सच हवं'. डीपीएक्स म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी, न दाबलेली फाइल. साधं २के डीपीएक्ससुद्धा, १० बिट, सुपर १६ च्या चौकटीत फ्रेममागे १० एमबी घेतं. सेकंदाला २४०, तासाला जवळपास ९०० जीबी. वर धरलेल्या ५७० मिनिटांत क्लॅपची शंभर मिळवली तर अकरा तास होतात, म्हणजे एक प्रत दहा टीबी. तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या, म्हणजे तीस. तेच प्रोरेस ४४४४ या दाबलेल्या फाइलमध्ये, १०८० च्या चौकटीत, तासाला १२० जीबी, एक प्रत दीड टीबीच्या आत. या बजेटच्या चित्रपटाला पडद्यावर फरक शोधून सापडणार नाही, पण हार्ड डिस्कच्या बिलात तो लगेच सापडतो.

स्कॅनिंगला पहिलं रीळ गेलं की एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: फाइलचा वेग २४ आहे की २३.९७६? कॅमेरा क्रिस्टलवर (वेग स्थिर ठेवणाऱ्या घड्याळावर) नेमका २४ चालतो, ध्वनी मुद्रणही त्याच वेळेवर. स्कॅनची फाइल २३.९७६ ची झाली तर दहा मिनिटांच्या रिळात आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त सरकतो, जवळजवळ १४ फ्रेम. टेक छोटे असतात म्हणून सुरुवातीला लक्षात येत नाही. लक्षात येतं मिक्सिंगच्या आठवड्यात.

आवाज, आणि ज्याला पैसे उरत नाहीत ते बाकीचं

फिल्म कॅमेऱ्यात आवाज नोंदला जात नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा परिणाम विसरतात. डिजिटलमध्ये कॅमेऱ्याच्या कच्च्या आवाजावरून संगणक आपोआप जुळवणी करतो. इथे जुळवायला दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ६०० टेक, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे सहायक संकलकाचे ३० तास, आणि पाटी धूसर किंवा क्लॅप फ्रेमबाहेर असेल तर त्याच्या दुप्पट. पाटीवरचे आकडे मोठे लिहायला लागणारा खडू हे या बजेटमधलं सर्वांत फायद्याचं सामान आहे.

कॅमेऱ्याच्या निवडीचाही संबंध इथेच. स्प्रिंगवर चालणारा बोलेक्स स्वस्त पडतो, पण तो आवाज करतो आणि वेग स्थिर ठेवत नाही, म्हणजे संवाद डब करावे लागतात. एसआर-३ किंवा आटॉन एक्सटीआर असा शांत कॅमेरा भाड्याने घेऊन वाढलेला खर्च डबिंगच्या दिवसांत वसूल होतो. शूटच्या आधी १०० फुटांवर स्थिरतेची, ओरखड्याची आणि लेन्सची चाचणी घ्यावी. जुन्या साध्या १६ मिमीच्या लेन्स सुपर १६ च्या रुंद चौकटीत कोपरे काळे करतात, आणि ते व्ह्यूफाइंडरमध्ये नेहमी दिसतंच असं नाही.

सुपर १६ ची चौकट साधारण १.६६ (उंचीच्या इतकी पट रुंदी). थिएटरमध्ये १.८५ ने जायचं असेल तर वरून-खालून मिळून उंचीचा दहा टक्के भाग जातो. ग्राउंड ग्लासवर (व्ह्यूफाइंडरच्या काचेवर) ती रेघ पहिल्या दिवसापासून हवी. नाहीतर डीआयमध्ये डोक्यावरची जागा गायब होते, किंवा बूम माइक दिसतो म्हणून फ्रेम ओढावी लागते आणि दाणा मोठा होतो.

धूळ काढण्याचं काम कोणीच बजेटमध्ये लिहीत नाही. ९० मिनिटांत १,२९,६०० फ्रेम. स्वयंचलित सफाई दाण्यालाच धूळ समजून पुसते आणि चेहरे प्लास्टिकचे करते, म्हणून निदान उजळ शॉट माणसाने बघावे लागतात. शूटवर दर मॅगझिनला गेट तपासलं तर हे काम निम्म्यावर येतं.

ग्रेडिंगला साध्या चित्रपटाचे पाच-सात दिवस, संवाद-संकलनाला दोन-तीन आठवडे, फोली (पावलांसारखे आवाज नंतर मुद्रित करणं) आणि मिक्सिंग वेगळं. डीसीपी, म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत, सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ९० मिनिटांना जास्तीत जास्त १७० जीबीच्या आसपास, आणि तिथे ५०० टी चा दाणा सुखरूप राहतो. ऑनलाइन दाखवताना मात्र फाइल इतकी दाबलेली असते की दाण्याचे चौकोन होतात. प्रेक्षक प्रामुख्याने ऑनलाइनच असतील तर २०० टी किंवा २५० डी ला झुकतं माप द्या, आणि ५०० टी ला पुरेसा उजेड. ही निवड शूटच्या आधी करायची असते, अपलोडच्या दिवशी नाही.

परवडते का?

परवडते, पण हिशेब शेवटाकडून सुरू केला तर. आधी डीसीपी, मिक्सिंग, ग्रेडिंग आणि संकलनाचे पैसे बाजूला काढा, त्यांना हात लावू नका. मग दहा टक्के राखीव, तेही पोस्टच्याच खात्यात. जे उरेल त्याला फुटामागच्या एकत्रित दराने भागा: फिल्म, धुलाई, स्कॅन, साठवण मिळून. जितके फूट येतील तितकंच शूट. आलेले फूट पटकथेला पुरत नसतील तर पटकथेतले पाच-सात प्रसंग आजच कापा, कागदावर कापायला काही लागत नाही.

उलट दिशेने जाणाऱ्यांचं काय होतं हे लॅबवाले चांगलं ओळखतात. सगळं शूट उरकतं, पैसे संपतात, आणि एक्स्पोज झालेले चाळीस डबे 'नंतर धुऊ' म्हणून फ्रीझरमध्ये पडून राहतात. न धुतलेल्या निगेटिव्हवरची प्रतिमा हळूहळू विरत जाते, ५०० टी वर लवकर. सावल्या धूसर होतात, रंग एकमेकांपासून सरकतात, आणि वर्षभराने पैसे आले तरी पहिल्या आठवड्याची दृश्यं शेवटच्या आठवड्याशी जुळत नाहीत. म्हणून दर तीन-चार दिवसांनी डबे लॅबला गेलेच पाहिजेत, आणि त्या धुलाईचे पैसे शूट सुरू होण्याआधी लॅबकडे जमा असले पाहिजेत.